करपल्या भाकरीचा धूर

फार फार पूर्वी, डोंगरांच्या पलीकडे काय आहे हे फक्त वाऱ्याला आणि व्यापाऱ्यांना ठाऊक असायचं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी अशी आहे. मोठ्यांनी ऐकली तर फारच उत्तम.

एका माळरानावर एक राज्य होतं. तिथे गवत कमरेइतकं वाढायचं आणि वारा सदानकदा घोंघावत असायचा. कोणे एके काळी कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि सगळं गाव जळून खाक झालं. तेव्हापासून त्या राज्याने नियम केला : एक गाव, एक चूल. गावाच्या कडेला, जाड भिंतीच्या आडोशाला, मोठी गावचूल असायची. घरोघरची माणसं पाळीपाळीने तिथे भाकऱ्या थापायची, मोठ्या हंड्यात कालवण रटरटायचं आणि सगळं गाव पंगतीला बसायचं. घरात चूल नाही, छपरावर धूर नाही. पोरांना वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. थोरांनाही तसंच वाटायचं, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

त्या राज्याच्या राजधानीत, किल्ल्याच्या पायथ्याशी, सगुणा नावाची मुलगी राहायची. नदीकाठच्या पाठशाळेत शिकून ती नुकतीच घरी परतली होती. वाद कसा घालावा हे त्या पाठशाळेत शिकवत. सगुणाला मात्र ते आधीपासूनच येत होतं. गावचुलीवर तिची पाळी आली की ती भाकरी तव्यावर टाकायची आणि कुणाशी तरी भांडायला लागायची. मग व्हायचं ते व्हायचं. पोरं पंगतीत ओरडायची, "सगुणाची पाळी, भाकरी काळी!"

ती काळी भाकरी आवडीने खाणारा अख्ख्या राज्यात एकच माणूस होता. तो म्हणजे तिचे आजोबा. आईबापांच्या माघारी त्यांनीच तिला वाढवलं होतं. साऱ्या फौजेचे ते सरलष्कर, पण सगुणाचे नुसते आबा. भाकरीचा करपलेला पापुद्रा ते आधी मोडून घ्यायचे आणि म्हणायचे, "याला म्हणतात चव. बाकीच्या भाकऱ्या म्हणजे नुसतं पीठ."

"खोटं बोलता, आबा."

"सरलष्कराला खोटं म्हणतेस?"

"नाही. आजोबांना म्हणते."

आबा इतके हसायचे की त्यांची पांढरी दाढी पोटावर उडायची.

आता, या राज्याची फौज त्या वेळी घरी नव्हती. डोंगरांच्या पलीकडच्या राजाने निरोप धाडला होता : माझ्या मुलखात पुंड माजले आहेत, मदतीला या. एका हंगामाचं काम, असं म्हणून फौज गेली. आबा राजधानीतूनच तिला हुकूम धाडायचे. तो हंगाम सरला, दुसरा सरला, आणखीही सरले. अधूनमधून घोडेस्वार यायचा आणि सांगायचा, "पुंडांची छावणी जाळली!" मग नगारा वाजायचा, साखर वाटली जायची आणि सगुणा विचारायची, "इतक्या छावण्या जाळल्या, तरी पुंड संपत कसे नाहीत?"

"पुंड गवतासारखे असतात, पोरी. कापले की पुन्हा उगवतात."

"आणि जाळलेलं गवत तर दुप्पट जोमाने उगवतं, आबा. माळावर राहून तुम्हाला हे ठाऊक नाही?"

"जा, अभ्यास कर," आबा म्हणायचे.

"झाला की अभ्यास. आता तुम्ही करा."

छावणी ओळखायची कशी, याचा नियम आबांनीच घालून दिला होता. जिथे एक धूर तिथे गाव. त्याच्या वाटेला जायचं नाही. जिथे पुष्कळ धूर तिथे छावणी. तिथे विचारत बसायचं नाही. तेलात भिजवलेले गवताचे भारे डोंगराच्या धारेवर रचायचे, पेटवायचे आणि उतारावरून खाली ढकलायचे. गरीब गावांना धग लागू नये म्हणून, दयेपोटी आबांनी हा नियम केला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एकदा पावसाळा ओसरत असताना व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर एक बाई आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. नाव राही. डोंगरापलीकडची. तिची बोली जरा हेल काढणारी, पण कळण्यासारखी होती. गावचुलीवर त्या दिवशी सगुणाची पाळी होती. तिने राहीला पानावर बसवलं, भाकरी वाढली. राहीने नमस्कार केला, पण भाकरीला हात लावला नाही. पदरात मूठभर पीठ मागून घेतलं, भिंतीपलीकडे गेली, तीन दगड मांडले आणि काटक्या पेटवल्या.

"आग! आग!" गाव धावलं. कुणी घागर आणली, कुणी काठी आणली. सगुणा सगळ्यांच्या पुढे पोचली आणि राहीसमोर हात पसरून उभी राहिली.

"अहो ताई, आमच्याकडे अशी चूल पेटवत नाहीत! आहे ना गावाची एक!"

"आमच्याकडे ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घरात कुणी गेलं असं समजतात," राही म्हणाली. "माझा धनी गेला. सासूसासरे गेले. सगळी वाडी गेली. पण माझी लेक जिवंत आहे. वरच्या खोऱ्यात, माझ्या आईकडे होती म्हणून वाचली. लोकांनी काहीही समजावं, पण तिच्या वाट्याची चूल मी विझू देणार नाही."

सगुणाच्या हातातला कलथा तसाच राहिला.

"म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक घरात चूल असते?"

"नाहीतर काय? चुलीशिवाय घर कसलं?"

"आणि धूर?"

"जितकी घरं तितके धूर. सकाळी डोंगरावरून बघावं, सगळी वाडी दूध उतू गेल्यासारखी दिसते."

मागे तव्यावर भाकरी जळत होती. पोरांनी ओरडायला तोंड उघडलं आणि सगुणाचा चेहरा बघून मिटलं.

सगुणा धावत घरी गेली आणि आबांना सगळं एका दमात सांगितलं. आबांनी ऐकलं. त्यांचा हात दाढीवर थबकला. पण माणूस जितका मोठा तितकी त्याला चूक गिळायला जड जाते. ते म्हणाले, "एका बाईच्या सांगण्यावरून काय ठरवायचं? उद्या सभेत आण तिला."

राजाची सभा म्हणजे पिकल्या केसांची सभा. तिथे काळ्या केसांनी ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. सगुणाने हा नियम ऐकला होता आणि ऐकूनच सोडून दिला होता. फौज माघारी बोलवावी की नाही, याचाच खल सभेत हंगामामागून हंगाम चालू होता. आता तर घाई होती. दसऱ्याच्या सकाळी स्वार निघणार होता आणि त्याच्या हातचा हुकूम पोचला की फौज वरच्या खोऱ्यात शिरणार होती. त्याच खोऱ्यात राहीची लेक होती.

"आत्ता परतलो तर आजवर सांडलेलं आपलं रक्त वाया गेलं म्हणायचं," प्रधानजी म्हणाले.

"म्हणून आणखी सांडायचं?" सगुणा म्हणाली. "दूध नासलं म्हणून त्यात आणखी दूध ओततं का कुणी?"

"पोरी, दुनिया हसेल आपल्याला!"

"हसू दे. हसण्याने कुणाचं घर जळत नाही."

कोपऱ्यातले एक वृद्ध सरदार हळूच म्हणाले, "पण आपण निघून आलो तर पुंड त्या गरिबांना फाडून खातील. त्याचं काय?"

हा प्रश्न खरा होता. सगुणाने राहीकडे पाहिलं. मग राही बोलली.

"पुंड वाईटच आहेत, बाबा. येतात, धान्य नेतात. ते आले की आम्ही रानात पळतो. गेले की परत येतो आणि चुली पेटवतो. तुम्ही येऊन गेलात की परत यायला घरच उरत नाही. ज्यांचे आईबाप जळले ती आमची पोरं आज कुठे आहेत, माहीत आहे? पुंडांकडे."

सभा चुळबुळली. प्रधानजींनी खाकरून विचारलं, "ते असो. पण घराघरात चूल, ही गोष्टच पटत नाही. मग तुमची घरं पेटत नाहीत का?"

"नव्हती पेटत," राही म्हणाली.

सगळ्यांनी सरलष्करांकडे पाहिलं. आबांनी सगुणाकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सुक्याबरोबर ओलंही जळतं, पोरी. युद्ध आहे हे."

"ओलं म्हणजे कोण, आबा?" सगुणाचा आवाज चिरकला. "नाव घ्या ना. या ताईंच्या लेकीचं नाव सोनकी आहे. म्हणा, 'सुक्याबरोबर सोनकीही जळते.' म्हणून बघा एकदा!"

आबा म्हणाले नाहीत. राजाने जांभई दाबली आणि सगळे राजे म्हणतात तेच तो म्हणाला, "दसरा होऊ द्या. मग बघू."

त्या दिवसापासून सगुणा आबांशी बोलेना. पण तिची पाळी आली की करपलेली भाकरी मुकाट्याने त्यांच्या पानात पडायची आणि ते मुकाट्याने ती खायचे. अबोला दोघांनाही झेपत नव्हता, आणि मोडावा कुणी हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबा शस्त्रपूजेसाठी वर किल्ल्यावर मुक्कामाला निघाले. उंबऱ्यात सगुणा आडवी आली.

"उद्या सकाळी तटावरून खाली माळाकडे बघाल? माझ्यासाठी."

अबोला सुटला याचाच आबांना इतका आनंद झाला की ते नीट ऐकतात कुठले! "काय बघू?"

"बघितलं की कळेल. मी येईन वर, तुम्हाला खाली घेऊन जायला."

"म्हाताऱ्याला कोडी घालतेस? बघेन हो, बघेन." तिच्या डोक्यावर हात ठेवून ते घोड्यावर बसले.

मग सगुणा घरोघर गेली. बायांना म्हणाली, "उद्या वनभोजन! गवत ओलं आहे, ठिणगीची भीती नाही. एक दिवस प्रत्येकीने आपापली चूल मांडायची. राहीताई शिकवतील." आधी बायकांनी कानावर हात ठेवले. मग एक म्हणाली, "माझी चूल? एकटीची? हवं ते शिजवू?" तिथून पुढे कुणाला काही समजवावं लागलं नाही.

सकाळी माळावर नुसती धमाल उडाली. कुणाचे दगड डुगडुगत होते, कुणाची काटकी पेटत नव्हती, पोरं इकडून तिकडे पळत होती. राही प्रत्येकीपाशी बसून फुंकर कशी घालायची ते दाखवत होती. वाडी सुटल्यापासून पहिल्यांदाच ती हसली. जितकी घरं तितके धूर वर चढले. माळावर मात्र दाट धुकं पसरलं होतं. समोरचं माणूस दिसत नव्हतं. सगुणाला वाटलं, ऊन वर येईल, धुकं विरेल, मग आबांना आणायला जाऊ. तोवर तिने तव्यावर भाकरी टाकली.

तेवढ्यात किल्ल्यावरून शिंग वाजलं.

"हे गं कशाचं?" शेजारीण म्हणाली. "पूजा सुरू झाली वाटतं."

सगुणाला ते शिंग ओळखीचं होतं. धुक्याच्या वर किल्ला होता, किल्ल्यावर टेहळ्या होता, आणि टेहळ्याला नियम पाठ होता. पुष्कळ धूर म्हणजे छावणी. तिथे विचारत बसायचं नाही. पहिलं शिंग म्हणजे भारे धारेवर आणा. दुसरं म्हणजे पेटवा. तिसरं म्हणजे ढकला. साऱ्या जगाला शहाणं करायच्या घाईत ती डोक्यावरचा किल्ला विसरली होती. थोरांच्या बेफिकिरीला शिव्या घालणारी सगुणा स्वतःच बेफिकीर निघाली होती.

"चुली विझवा!" ती ओरडली. बायांनी घागरी ओतल्या आणि ओल्या लाकडांतून दुप्पट धूर उसळला. हाक पोचावी इतका किल्ला जवळ नव्हता. गावाकडे पळावं तर धुक्यात वाट दिसत नव्हती.

राही ओरडली नाही. हे असं असतं, हे तिला माहीत होतं. हाताला लागतील ती पोरं गोळा करून ती त्यांना ओढ्याच्या पाण्यात उतरवत होती, आपला ओला पदर त्यांच्या डोक्यांवर ओढत होती. "खाली बसा रे. वर बघू नका. माझ्याकडे बघा."

दुसरं शिंग वाजलं. धुक्यात वर कुठेतरी लाल उजेड दिसू लागला.

सगुणा आपल्या चुलीपाशी उभी होती. विझवायचं भानही तिला राहिलं नव्हतं. ती वर बघत होती आणि तव्यावर तिची भाकरी जळत होती, नेहमीसारखी, आजवर जळली नव्हती इतकी. वारा खालून वर वाहत होता.

ती तिसऱ्या शिंगाची वाट बघत राहिली.

शिंग वाजलं नाही. लाल उजेड हलला, विखुरला, विझला. मग बऱ्याच वेळाने धुक्यातून कुणाची तरी पावलं वाजली. धापा टाकत, अनवाणी, आबा आले. पगडी कुठेतरी पडली होती. दाढीचं टोक जळून काळं झालं होतं.

ते तव्याकडे बघून म्हणाले, "करपली ना?"

सगुणा त्यांच्या गळ्यात पडली. तिला रडूच आवरेना.

"तुझं बोलणं मी साफ विसरलो होतो," आबा म्हणाले. "दुसरं शिंग वाजवायला मीच सांगितलं. भारे पेटले. हात उचलला, आता 'ढकला' म्हणायचं. आणि वाऱ्याबरोबर वास आला. मी म्हटलं, थांबा! पुंडांच्या छावणीत भाकऱ्या करपत असतील, नाही असं नाही. पण इतकी करपवणारी या पृथ्वीवर एकच आहे." ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यात मोडलं. "एक भारा सुटला होता. तो अंगाने अडवला. पोरी, वारा उलटा असता तर?"

मग त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. राही अजून पाण्यातच बसली होती, पोरांना पदराखाली घेऊन. आबांना त्या वेळी कळलं, की पलीकडच्या डोंगरांत वारा प्रत्येक वेळी उलटाच होता. तिथेही कुणाची तरी नात भाकरी थापत होती. फक्त तिथला वास ओळखणारा आजोबा धारेवर नव्हता. तो खाली घरात होता.

ते पाण्यात उतरून राहीसमोर गुडघ्यांवर बसले. "बाई, तो नियम माझा होता."

राही म्हणाली, "नियमाचं मी काय करू? मला माझी लेक हवी."

आबा तसेच ओल्या कपड्यांनी सभेत गेले. तिथे वाद झाला नाही, कारण प्रधानजींच्या सुनेनेही माळावर चूल मांडली होती आणि राजाच्या लहानग्या मुलीचे ओढ्यात भिजलेले केस अजून वाळायचे होते. दुसऱ्या दिवशी स्वार निघाला तो फौज माघारी बोलवायचा हुकूम घेऊन, आणि तो स्वार स्वतः आबाच होते.

"या वयात एवढी घोडदौड?" लोक म्हणाले.

"चूक करताना वय आडवं आलं नाही," आबा म्हणाले. "ती निस्तरतानाच कसं येईल?"

सगुणा आणि राही त्यांच्याबरोबर गेल्या. ते पोचले तेव्हा वरच्या खोऱ्याच्या धारेवर भारे रचून तयार होते, आणि खाली सगळी वाडी दूध उतू गेल्यासारखी दिसत होती. आबांनी आपल्या हातांनी भाऱ्यांचे बंद सोडले. राही उतारावरून धावत सुटली. एका अंगणात, चुलीपाशी, एक मुलगी पीठ मळायचा खेळ खेळत होती.

फौज परतली तेव्हा नगारा वाजला नाही. ज्यांना राहायचं होतं ते शिपाई शस्त्रं खाली ठेवून मागे राहिले आणि जळालेली घरं उभी करू लागले. आबाही राहिले. ते प्रत्येक जळक्या अंगणात गेले. कुणी पाणी दिलं. कुणी पाठ फिरवली. एका म्हाताऱ्या बाईने राखेची मूठ त्यांच्या अंगावर भिरकावली. आबांनी ती झाडली नाही. पुंड एका दिवसात संपले नाहीत. पण घरांवर छपरं चढली, चुली पेटल्या, तशी रानात गेलेली पोरं एकेक करून त्या धुरांच्या दिशेने परतू लागली.

इकडे त्या राज्यात एक नवी रीत पडली. दर खंडेनवमीला, शस्त्रपूजेच्या आधी, सगळं गाव माळावर आपापल्या चुली मांडतं. पहिली भाकरी मुद्दाम करपवून किल्ल्यावर धाडतात आणि जो कुणी सरलष्कर असेल त्याने ती सगळ्यांदेखत खायची असते. सगुणा होती तोवर ती भाकरी तीच करायची. तिला मुद्दाम करपवावी लागत नसे. आणि सुक्याबरोबर ओलं जळतं, ही म्हण त्या राज्यात पुन्हा कुणी तोंडाने उच्चारली नाही.

तात्पर्य : दुरून जी शत्रूची छावणी दिसते, ती जवळून कुणाचं तरी घर असते, म्हणून हात उचलण्याआधी जवळ जाऊन पाहावं, आणि चूक कळली की मोठेपणा बाजूला ठेवून मागे फिरावं.